पान क्रमांकासकट

माझ्या बायकोच्या दहाव्याला सव्वाशे माणसं आली होती, आणि ती स्वतः साडेआठला पोचली. उशीर विश्रामरावांच्या गाडीमुळे झाला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मुठा खोऱ्यात ही हकीकत आता सात-आठ तऱ्हांनी सांगितली जाते आणि त्यातल्या एकीतही माझी बाजू कोणी घेत नाही.

मुळात मामला साधा होता. नलिनीला ऐकायचं होतं.

गेल्या दिवाळीपासून तिच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, मधलं नाही. दारात कोणी आलं तर त्याचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. पुस्तक उघडलं की समास दिसतो, मजकूर नाही. डॉक्टरांनी कागदावर डोळ्याची आकृती काढून सगळं समजावलं आणि शेवटी 'आहे ते टिकवू' असं म्हणाले. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत. 'आहे ते टिकवू' म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्यातलं घर सोडून आम्ही मुठ्यात आलो ते मुळी तिच्या वाचनासाठी. तीन कपाटं पुस्तकं आणि जुन्या मासिकांचे बांधलेले गठ्ठे टेम्पोतून आणले. आता ती कपाटासमोर उभी राहून पुस्तकांवरून हात फिरवायची, आणि माझी चाहूल लागली की धूळ पुसत असल्यासारखं करायची. ते मला बघवत नसे.

म्हणून एका संध्याकाळी मी म्हणालो, "आण इकडे, मी वाचून दाखवतो."

माझा आवाज वाईट नाही, पण तो आयुष्यभर परिपत्रकांवर पोसलेला आहे. साहेबांसमोर फाइल वाचायची तर पान क्रमांक मोठ्याने सांगायचा, मग मजकूर, मग पुन्हा पान क्रमांक. नाहीतर मधलं पान कोणीतरी काढून घेतं आणि ठपका आपल्यावर येतो. ती सवय सुटत नाही. पहिली कविता मी चौदा सेकंदांत निकालात काढली. गोष्टीत नायिका विहिरीच्या काठावर उभी असताना मी "पान क्रमांक सत्तेचाळीस" असं म्हणून पान उलटलं. नलिनीने नऊ दिवस सोसलं. दहाव्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "अहो, या कवितेत नदी होती. तुम्ही ती कालव्यात काढलीत. उद्यापासून नको."

आता एखाद्याने मनावर घेतलं असतं. मीही घेतलं.

मग फोनवर कोणाकोणाची वाचनं लावून दिली. ती तिने दोन दिवस ऐकली. "छान वाचतात," म्हणाली, "पण मी उसासा टाकला तरी ते थांबत नाहीत. आणि ऐकताना शेजारी आणखी कोणीतरी ऐकत असावं लागतं हो. एकटीने गोष्ट ऐकली की ती अंगावर येते." त्यानंतर तिने काही मागितलंच नाही. चार ते सहा ही तिची वाचनाची वेळ. त्या वेळी ती पडवीत खुर्ची टाकून नुसती बसायला लागली. हातात काही नाही, समोर काही नाही. मला तिच्या डोळ्यांपेक्षा त्या खुर्चीची जास्त भीती वाटली.

तेव्हा मी ठरवलं की दर रविवारी सकाळी गावात जुन्या कथा-कवितांचं वाचन ठेवायचं. वाचणारा चांगला आणायचा, ऐकायला चार माणसं जमवायची आणि त्या चारांत नलिनीला बसवायचं. एवढाच बेत होता.

विश्रामराव आमचे शेजारी. शनिवार-रविवार बंगल्यावर येतात आणि आठवडाभर साठलेला सल्ला सोमवारच्या आत संपवून जातात. त्यांनी बेत ऐकताच ताबा घेतला. वाचायला त्यांची भाची प्राजक्ता येईल, ती जवळच चांद्याला राहते, आवाज गोड आहे. फाट्यावर फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवर नलिनीचा फोटो हवा, कारण माणसं माणसाला बघून येतात, साहित्याला बघून नाही. फोटो कृष्णधवल हवा, कारण साहित्य जुनं आहे. मी मान डोलावत गेलो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मान डोलावतानाच आलेली आहेत.

जागेसाठी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले की हॉल आहे, पण त्यात पाणीयोजनेचे पाइप ठेवलेत.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"तुमच्याच खात्याकडून मंजुरी यायची आहे," ते म्हणाले, आणि मी विषय वाढवला नाही.

"त्यापेक्षा घाटावरची शेड घ्या ना. नवा पत्रा आहे, पंखे आहेत, माइक आहे, अडीचशे माणूस सहज बसतं. कोणाचं दहावं नसलं की मोकळीच असते."

नदीकाठच्या त्या शेडमध्ये दहाव्याचे विधी होतात, हे मला माहीत होतं. पण सरकारी जागेला माझ्या लेखी सोवळं-ओवळं नसतं. अर्ज मात्र एकाच नमुन्यात छापलेला होता. मयताचे नाव, अर्जदाराशी नाते, कारण, दिनांक व वेळ. मी म्हणालो, हे रकाने मला लागू नाहीत. ते म्हणाले, रकाना मोकळा राहिला तर अर्ज नोंदवता येत नाही.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने कोऱ्या कागदावर अर्ज केला असता. पण चौतीस वर्षांत मी एकही रकाना मोकळा सोडलेला नाही, आणि छापील नमुना असताना कोऱ्या कागदावर लिहिणाऱ्यांना मी स्वतः परत पाठवलेलं आहे. मी पट्टी मागून घेतली, 'मयताचे' या शब्दावर सरळ रेघ मारली, समासात सही केली आणि पुढे लिहिलं: सौ. नलिनी सोहोनी. नाते: पत्नी. कारण: जुन्या कथा व कविता ऐकणे. वेळ: रविवारी सकाळी आठ. अर्ज देखणा झाला होता. लिपिकाने त्यातलं नाव, दिवस आणि वेळ रजिस्टरात उतरवून घेतली, आणि घाटाच्या नोंदी गावच्या ग्रुपवर टाकायची पद्धत आहे म्हणून तिथेही टाकली. हे मला नंतर कळलं.

फ्लेक्सचं काम रामदासकडे दिलं. तो फ्लेक्सही छापतो आणि शेडमधला माइकही बघतो. मजकूर मी लिहून दिला, फोटो दिला, खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं घालायला सांगितलं. रामदासने कागद वाचला, फोटोकडे पाहिलं आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमी काय बी काळजी करू नका. मी करतो सगळं नीट." मला त्याचं कौतुक वाटलं. साहित्याबद्दल एवढी आस्था शहरातसुद्धा दिसत नाही.

सोमवारी आम्ही घराला कुलूप लावून पुण्याला गेलो. नलिनीच्या डोळ्यांत इंजेक्शनं द्यायची होती. जाताना दूधवाल्या कृष्णाबाईंना निरोप ठेवला की आठवडाभर दूध नको, दवाखान्यात चाललोय. कृष्णाबाईंचं शेत आमच्या कुंपणाला लागून आहे. त्या आम्हाला दूध देतात आणि आमच्या बागेला नावं ठेवतात. शनिवारी दुपारी परतलो तेव्हा फाट्यावर फ्लेक्स झळकत होता. मध्ये नलिनीचा मोठा फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली कमळं. 'जुन्या कथा व कविता' ही ओळ अगदी तळाशी आणि बारीक. ती ओळ एवढी बारीक का, म्हणून मी रामदासवर मनातल्या मनात चिडलो. बाकी काही खटकलं नाही. शेजारी बसलेल्या नलिनीने विचारलं, "कसा दिसतोय?" मी म्हणालो, "तुझा फोटो छान आलाय."

रविवारी सातलाच मी शेडवर गेलो. नलिनीला विश्रामराव आठपर्यंत घेऊन येणार होते. चार माणसं धरून मी सहा खुर्च्या पुसल्या. आलेल्यांना खायला बटाटेवडे सांगितले होते, ते ताटात लावून घाटाच्या कठड्यावर ठेवले आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

साडेसातपासून माणसं यायला लागली. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे. बायका डोक्यावर पदर घेऊन. एकेक जण येई, माझे दोन्ही हात हातात घेई, काही न बोलता मान हलवी आणि जाऊन बसे. पन्नास झाले, सत्तर झाले. कोणी हसत नव्हतं, कोणी फोन बघत नव्हतं. पुण्यात कविता ऐकायला आलेली माणसं आधी एकमेकांना ऐकवतात. इथे एवढी शांतता. माझा ऊर भरून आला, आणि तो भरलेला पाहून पुढच्या रांगेतल्या कोंडीबांनी, म्हणजे घाटाची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्यांनी, डोळ्यांना उपरणं लावलं.

एवढ्यात धोकटी घेतलेला एक माणूस जवळ आला. "साहेब, आधी तुमचं उरकून घेऊ का?"

"मी दाढी घरी करून आलोय," मी म्हणालो. तो गोंधळून बाजूला झाला.

मग उपसरपंच सुनीलरावांनी माइक हातात घेतला. मला वाटलं प्रास्ताविक करणार. "सोहोनी मावशींचा आन आपला दोन वर्साचा संबंध," ते म्हणाले. "पन कदी वाकडा शबुद न्हाई. माझ्या पोरीला निबंध लिवून द्यायच्या. आसं मानूस गावाला पुन्हा गावनार न्हाई. गेलं त्ये गेलं." आणि ते खाली मान घालून उभे राहिले.

मी मागे वळलो. माइकच्या मागेही तोच फ्लेक्स लावला होता, आणि आता त्याच्या चौकटीला रामदासने झेंडूचा हार घातला होता. मग कुठे तो मला सव्वाशे लोकांच्या डोळ्यांनी दिसला. मी कसाबसा माइकपाशी पोचलो आणि म्हणालो, "अहो, ती गेलेली नाही. घरी आहे."

कोणी दचकलं नाही. कोंडीबा उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आसंच वाटतंया साहेब. माजी म्हातारी गेली तवा मलाबी सा म्हैनं आसंच वाटलं. घरीच हाय म्हनून दोन भाकरी थापायचो."

मी तोंड उघडणार तोच कठड्यावरचं वर्तमानपत्र वाऱ्याने उडालं, पिंपळावरून एक कावळा सरळ खाली उतरला आणि वडा घेऊन गेला. सगळी शेड एकदम उभी राहिली आणि हात जोडले गेले.

"लगीच शिवला," कोंडीबा भरल्या गळ्याने म्हणाले. "काय सुदिक इच्छा ऱ्हाली न्हवती माउलीची."

त्याच वेळी विश्रामरावांची गाडी येऊन थांबली आणि माउली उतरली.

मी ते दृश्य विसरू शकत नाही. सव्वाशे माणसं हात जोडून उभी आणि नलिनी काठी टेकत, चष्मा सावरत त्यांच्यामधून येत होती. एक बाई मटकन खाली बसली. धोकटीवाला कुंपणापलीकडे गेला. सुनीलराव माइक हातात धरून तसेच उभे होते. नलिनीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला दोन्ही कडांना पांढरं पांढरं दिसत असणार, आणि माणसांचे श्वास ऐकू येत असणार. तिचा चेहरा इतका फुलला की मला तिथल्या तिथे रडावंसं वाटलं.

"अहो," ती म्हणाली, "केवढी माणसं आलीत ऐकायला."

पहिल्यांदा हलल्या त्या कृष्णाबाई. आठवडाभर त्या कासारसाईला लेकीकडे होत्या आणि ग्रुपवरचा निरोप वाचून पहाटेच्या गाडीने थेट घाटावर आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन नलिनीचा हात धरला, मनगट चाचपलं आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, "हात ऊन हाय." मग माझ्याजवळ येऊन दातओठ खात पुटपुटल्या, "साहेब, जित्या बाईचं दहावं घातलं व्हय? शिकल्याली मानसं तुमी."

मी हात जोडले. "तिला सांगू नका," एवढंच मला म्हणता आलं.

कृष्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, आणि रामदासला डोळ्यांनीच हार काढायची खूण केली. "बसा रं समदी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "गोस्ट ऐकाय आलोय न्हवं आपन? बसा."

आणि माणसं बसली. सव्वाशे माणसं, एकही शब्द न बोलता. माझा या गावावर तोवर काही हक्क नव्हता, तरी बसली.

पण वाचणार कोण? प्राजक्ताचा फोन आला. तिने मामाच्या फोनवरून आलेला फ्लेक्सचा फोटो पाहिला होता. "काका, फार वाईट झालं. आज वाचन रद्दच असेल, मी काही निघाले नाही." मी फोन खिशात टाकला. मासिकाचा गठ्ठा माझ्या हातात होता आणि नलिनी पहिल्या रांगेत कान देऊन बसली होती.

मीच सुरुवात केली. दोन बायकांची गोष्ट होती. शेजारणी, बांधावरून भांडलेल्या, एकमेकींशी अबोला, पण जातं एकच आणि ते जड. म्हणून रोज पहाटे दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला हात लावून दळतात, आणि न बोलता उठून जातात. मी वाचत गेलो. "पान क्रमांक बारा." मग एकीला मुलगा शहरात नेतो. "पान क्रमांक तेरा." मागून कृष्णाबाईंचा आवाज आला, "जरा थांबत जावा की. ती बाई गाव सोडून चाललीया आन तुमी पानं मोजताया." शेडमध्ये पहिल्यांदा कोणीतरी हसलं. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं तरंगायला लागली. सगळा अपमान एकदम आठवला, मी तीच ओळ दोनदा वाचली आणि मासिक मिटलं.

तेव्हा नलिनी बोलायला लागली. खुर्चीवरूनच, माइकशिवाय. गोष्ट तिला पाठ होती, हे मला बेचाळीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी ती मला वाचून दाखवायची तेव्हा मी झोपत असे. दुसरी बाई पहाटे एकटी जात्याशी बसते, हे तिने सांगितलं. खुंटा धरते, पण खाली धरते. वरची जागा रिकामी ठेवते. जातं एकटीला ओढत नाही, तरी ओढते. नलिनी थांबायची तिथे सगळी थांबत होती. नदीवरचा वारा तेवढा चालू होता.

गोष्ट संपली. कोंडीबांनी विचारलं, "मंग ती आली का न्हाई परत?"

"ते लिहिलेलं नाही," नलिनी म्हणाली. "जागा ठेवली होती, एवढंच लिहिलंय."

"बास की मंग," कोंडीबा म्हणाले. आणि जाताना तिच्या कानाशी वाकून, "माज्या येळंला हीच सांगा."

परतताना गाडीत विश्रामराव कार्यक्रमाच्या यशाचं श्रेय आपल्याकडे कसं जातं ते सांगत होते. घरी आल्यावर नलिनी पडवीतल्या खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "माझा कावळा लगेच शिवला म्हणे."

मी रिकामा पेला उचलला.

"कृष्णाबाईंनी माझा हात धरला नाही हो, तपासला. आणि झेंडूचा वास मला येतो." मग म्हणाली, "रडत होतं का कोणी?"

"कोंडीबा रडले," मी खरं ते सांगितलं. "मीही."

"तुम्ही कशाला? तुम्हाला तर माहीत होतं मी घरी आहे म्हणून."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा शेड घेतली, रीतसर, सगळे रकाने भरून. तीन माणसं आली, त्यात एक रामदास. त्याच्या पुढच्या रविवारी तो एकटा. जिवंत माणसासाठी गाव एकदा जमतं, रोज नाही. प्रत्येकाला शेत आहे, गुरं आहेत, कामं आहेत. नलिनी पुन्हा चार ते सहा गप्प बसायला लागली.

दीड महिन्याने कोंडीबा गेले. दहाव्याला त्यांची सून बोलवायला आली, "आबांनी सांगून ठेवल्यालं हाय." नलिनीने जात्याची गोष्ट सांगितली. तेव्हापासून पद्धतच पडली. घाटावर दहावं असलं की प्रवचनानंतर सोहोनी मावशींची एक गोष्ट नाहीतर एक कविता. शंभर-दीडशे माणसं ऐकायला बसतात. तिला हवं होतं ते मिळालं, फक्त कोणीतरी गेल्याशिवाय मिळत नाही. गावातली म्हातारी माणसं येऊन आपापली गोष्ट आधीच निवडून जातात. कृष्णाबाईंनी तर दोन धरून ठेवल्या आहेत, एक आवडली नाही तर दुसरी. सकाळी चहा घेताना नलिनी विचारते, "कोणी गेलं का हो?" आणि मग स्वतःच्या प्रश्नाची लाज वाटून बिस्किट खाते.

परवा मी तिला सहज विचारलं, "आणि तुझी कुठली?"

विचारायला नको होतं. तिने मान कुंपणाकडे वळवली, म्हणजे मी तिला कडेने दिसेन अशी.

"जात्याचीच," ती म्हणाली. "पण प्राजक्ताला बोलवू नका. तुम्ही वाचा."

"मला कुठे येतं? लोक हसतात."

"हसू देत. आत्तापासून सराव करा. आणि पान क्रमांकासकट वाचा. नाहीतर मला कळायचं नाही, तुम्हीच वाचताय म्हणून."

तेव्हापासून रोज चारला मी मासिक घेऊन तिच्याशेजारी बसतो. ती ऐकते. घाई झाली की माझ्या गुडघ्यावर हात ठेवते, मी थांबतो. काल ती बाई गाव सोडून निघाली तिथे मी पान उलटलं आणि क्रमांक न सांगता तिच्याकडे बघत राहिलो.

"तेरा," नलिनी म्हणाली.

"पान क्रमांक तेरा," मी म्हणालो, आणि पुढे वाचायला लागलो.